पडद्यावरची स्थानपोथी

संगणकाच्या पडद्यावर आपण जी लहान लहान चित्रे मांडून ठेवतो, त्यांच्याविषयी मराठीच्या एका प्राध्यापिकेने काही लिहावे हे अनेकांना विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे. आपल्या व्यवसायात संगणकाकडे बहुतेक जण सुधारलेले टंकलेखन यंत्र म्हणूनच पाहतात. त्यावर लेख टंकावा, छापून घ्यावा आणि विसरून जावे, एवढाच त्याच्याशी संबंध. माझाही तसाच होता. परंतु २००९ आणि २०१० या दोन वर्षांत या चित्रांच्या मांडणीने मला प्रथम पुष्कळ आनंद दिला, मग माझे मोठे नुकसान करण्यात हातभार लावला, आणि शेवटी माझ्याच संशोधनाच्या विषयाविषयी असे काही शिकवले की जे मी ग्रंथालयात बसून शिकले नसते. ते सारे क्रमाने सांगावे म्हणून हा लेख.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, 'महानुभाव गद्यातील स्थान आणि स्मरण'. येथील वाचकांना लीळाचरित्राची ओळख करून देण्याची गरज नाही. तरी पुढच्या कथनासाठी दोन गोष्टींची आठवण देते. पहिली अशी की, चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारून विचारून जमवल्या. म्हणजे हा ग्रंथ मुळातच साक्षीदारांच्या आठवणींचा आहे. दुसरी अशी की, या पंथात लीळा आणि स्थान यांची ताटातूट करता येत नाही. स्वामी कोठे बसले, कोणत्या देवळात उतरले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला होते, याच्या नोंदींचा 'स्थानपोथी' हा स्वतंत्र ग्रंथच आहे. आजही त्या जागांवर ओटे बांधलेले असतात, आणि भाविक तेथे जाऊन त्या त्या लीळेचे स्मरण करतात. जागा दिसली की प्रसंग आठवावा, अशी ही व्यवस्था आहे.

मी रिद्धपूर, पैठण, डोमेग्राम अशा अनेक ठिकाणी जाऊन आले होते. प्रत्येक स्थानाची एक नोंद असा माझा नेम होता: ग्रंथात काय आहे, आज तेथे काय दिसते, आणि तेथल्या माणसांनी काय सांगितले. २००९च्या दिवाळीपर्यंत अशा १६३ नोंदी झाल्या होत्या. त्या संगणकाच्या 'डी' ड्राइव्हमध्ये एका फोल्डरच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा अशा पुरून ठेवलेल्या होत्या. नावे रोमन अक्षरांत आणि आकड्यांत. त्यांवरून मला स्वतःलाही आत काय आहे ते कळत नसे. त्यामुळे रोज लागणाऱ्या नोंदींचे 'शॉर्टकट' मी डेस्कटॉपवर आणून ठेवीत असे. पाहता पाहता तो पडदा गच्च भरला, आणि पाठीमागे लावलेले घराच्या अंगणाचे छायाचित्र दिसेनासे झाले.

शॉर्टकट म्हणजे काय, हे येथेच सांगून ठेवणे बरे, कारण पुढचा सारा घोटाळा त्यावरच उभा आहे. विंडोज ९५ पासून ही सोय आपल्या परिचयाची झाली. मूळ फाईल असते तेथेच राहते. तिचा केवळ पत्ता सांगणारी एक चिमुकली फाईल आपण दुसरीकडे ठेवतो. तिच्यावर टिचकी मारली की मूळ फाईल उघडते. दिसायला दोन्ही सारख्याच. फरक इतकाच की शॉर्टकटच्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक लहानसा वाकडा बाण असतो. तो बाण मी वर्षानुवर्षे पाहत होते आणि तो त्या चित्राचाच भाग आहे असे समजत होते.

त्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. माझा पडदा पाहून तो म्हणाला, "आत्या, हा डेस्कटॉप आहे की जुन्या बाजारातलं दुकान? थांब, तुला एक गंमत देतो." आणि त्याने 'बम्पटॉप' नावाचा एक प्रोग्राम संगणकावर घातला.

पडदा क्षणात पालटला. सपाट पृष्ठभागाच्या जागी एक खोली दिसू लागली. खाली जमीन, समोर भिंत, डावीकडे आणि उजवीकडे भिंती. जणू आपण छत काढलेल्या खोलीत वरून डोकावत आहोत. माझे सगळे शॉर्टकट जमिनीवर सोंगट्यांसारखे पडले होते. एकाला ढकलले की ते सरके, दुसऱ्यावर आपटे, दुसरेही थोडे हले. त्यांना वजन होते. महत्त्वाचे असेल ते मोठे करता येई, किरकोळ असेल ते लहान. भिंतीवर नेऊन सोडले की भित्तिपत्रकासारखे चिकटून राही. काही चित्रांभोवती माऊसने वेढा काढला की त्यांचा ढीग करता येई; तो ढीग पत्त्यांसारखा पसरून पाहता येई आणि पुन्हा मिटून ठेवता येई. जमिनीची आणि भिंतींची चित्रेही आपल्या आवडीने बदलता येत. मी भिंतींना मातीचा रंग दिला आणि जमिनीला काळ्या दगडाचा.

हा प्रोग्राम कोठून आला ते मी पुढे आवर्जून वाचले. आनंद अगरवाला या विद्यार्थ्याने टोरोंटो विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासासाठी केलेले हे काम होते. त्याने आणि त्याचे मार्गदर्शक रवीन बालकृष्णन यांनी २००६ साली त्यावर शोधनिबंध वाचला. आपण 'डेस्कटॉप' म्हणतो, म्हणजे लिहिण्याच्या मेजाची उपमा देतो. ही उपमा झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राने १९८१ साली बाजारात आणली. परंतु खऱ्या मेजावर कागद वाकडे पडतात, एकमेकांवर चढतात, त्यांचे ढीग होतात. यंत्राने मात्र त्या मेजावरून नेमका हा पसाराच काढून टाकला. तो पसारा परत आणावा, हा या तरुणाचा विचार. त्याआधी १९८३ साली थॉमस मलोन यांनी कार्यालयांतील माणसे आपले मेज कसे मांडतात याचा अभ्यास केला होता. नाव देऊन नीट लावलेल्या फायली आणि बिननावाचे ढीग असे दोन प्रकार त्यांना आढळले. आणि ढीग केवळ आळसामुळे होत नाहीत, एखाद्या कागदाचे काय करायचे ते अजून ठरलेले नसते म्हणून होतात, हेही त्यांनी दाखवले. मेजावर समोर पडलेला कागद आपल्याला कामाची आठवण करून देत असतो. हे वाचून माझ्या घरातल्या पसाऱ्याला एकाएकी शास्त्राधार मिळाल्यासारखे वाटले.

मी कामाला लागले. डावी भिंत 'एकांका'ला, समोरची 'पूर्वार्धा'ला आणि उजवी 'उत्तरार्धा'ला दिली. प्रत्येक भिंतीवर नोंदी लावताना गोदावरी कोठून वाहते याचा अंदाज धरून मी स्थाने वर-खाली केली. पैठणच्या नोंदी समोरच्या भिंतीच्या मधोमध, थोड्या मोठ्या. त्यांच्याच आसपास डोमेग्राम. रिद्धपूरच्या नोंदी उजव्या कोपऱ्यात, जेथे दोन भिंती मिळतात तेथे. ज्यांविषयी मनात शंका होती त्या जमिनीवर, भिंतीच्या पायथ्याशी. आठ दिवस मी दुसरे काही केले नाही. घरच्यांना वाटले, बाईंचा प्रबंध अखेर मार्गी लागला.

त्या आठ दिवसांत मी एकही वाक्य लिहिले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. तरी ते दिवस वाया गेले असे मी आजही म्हणणार नाही. प्रत्येक नोंद उचलताना ती आठवावी लागत होती. कोणाच्या शेजारी ठेवायची ते ठरवताना तिचा दुसरीशी संबंध लावावा लागत होता. पुढे पुढे तर डोळे मिटले तरी खोली दिसे. आमच्या जुन्या घरात आई दिवे गेले असता फडताळातून नेमका हळदीचा डबा काढून देत असे. तिच्या कोणत्याही डब्यावर नाव नव्हते. तसेच काहीसे माझे झाले.

ही युक्ती जुनी आहे. पाश्चात्य वक्तृत्वशास्त्रात सिमॉनिडीस या ग्रीक कवीची कथा सांगतात; सिसरोने ती नोंदवून ठेवली आहे. मेजवानी चालली असता छत कोसळले आणि माणसे ओळखू येईनाशी झाली. बाहेर गेलेला कवी वाचला होता. कोण कोठे बसला होता हे आठवून त्याने प्रत्येक प्रेत कोणाचे ते सांगितले. आठवायच्या गोष्टी मनातल्या मनात एखाद्या वास्तूच्या खोल्यांतून ठेवाव्यात आणि मग त्या वास्तूतून फिरत त्या उचलाव्यात, ही स्मरणकला त्यातून निघाली असे मानतात. महानुभावांचे ओटे आणि ही कथा यांची तुलना करणारे एक प्रकरण मी प्रबंधात योजले होते, आणि माझ्या पडद्यावरची खोली हे त्या प्रकरणाचे जिवंत उदाहरण आहे अशी माझी समजूत झाली होती. वर्गात मी ते विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगितलेही.

आता अपघाताकडे येते. २०१०च्या पावसाळ्यात माझ्या संगणकातून कुरकुर असा आवाज येऊ लागला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने हार्ड डिस्क जाण्याच्या बेतात असल्याचे सांगितले. नवी बसवावी लागेल, जुनी तो बदलीत घेईल, आपले जे काही असेल ते आधी काढून ठेवावे. मी डेस्कटॉपचा सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. काम क्षणभरात झाले. १६३ नोंदी आणि छायाचित्रे इतक्या झटपट कशा उतरल्या, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उलट यंत्रे किती वेगवान झाली आहेत याचे मला कौतुक वाटले.

त्या मुलाने जाताना विचारले, "मॅडम, डी ड्राइव्हमधलं काही हवंय का?"

मी म्हणाले, "नको. माझं सगळं डेस्कटॉपवर आहे. ते घेतलंय मी."

त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. त्याचा काहीही दोष नाही, हे मी येथे स्वच्छ लिहून ठेवते. त्याने दोनदा विचारले होते.

पुढच्याच आठवड्यात मी रात्रीच्या गाडीने नागपूरला माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. सरांच्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावला. सगळी नावे ओळीने दिसली. प्रत्येक नावाच्या आधी 'शॉर्टकट टू' हे शब्द. पहिल्या नोंदीवर टिचकी मारली. पडद्यावर एक विजेरी इकडून तिकडे फिरू लागली. यंत्र शोध घेत होते. मग एक चौकट आली. तिचा आशय असा होता की, हवी ती फाईल सापडत नाही. आकार, तारीख आणि प्रकार पाहता तिला सर्वांत जवळची फाईल ही आहे. आणि खाली सरांच्याच संगणकातल्या, उत्तरपत्रिका तपासण्याच्या मानधनाच्या एका देयकाचे नाव होते.

मी दुसरी नोंद उघडून पाहिली. तिसरी. सर खुर्ची ओढून जवळ बसले. दहा-बारा वेळा ती विजेरी फिरल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही मला अनुक्रमणिका आणून दिलीत. ग्रंथ कुठे आहे?"

त्या संध्याकाळी मी पुण्याला दूरध्वनी केला. जुनी डिस्क भंगारात गेली होती.

पुढच्या काही दिवसांविषयी लिहिण्यासारखे नाही. क्षेत्रकार्याच्या वेळच्या वह्या होत्या, पण त्या घाईने लिहिलेल्या, अर्ध्यामुर्ध्या. संगणकावरच्या नोंदी त्यांवरून फुलवून केलेल्या, आणि पाच-सहा वह्या तर 'आता कशाला हव्यात' म्हणून मी रद्दीत दिल्या होत्या. ती खोलीही उरली नव्हती. मांडणी डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये साठत नव्हती, त्यामुळे ती पेन ड्राइव्हवर आलीच नाही. त्याच वर्षी मे महिन्याच्या आरंभी गुगलने ती कंपनी विकत घेतल्याचे जाहीर झाले होते आणि प्रोग्रामचे वितरण थांबले होते. भाच्याकडेही त्याची प्रत नव्हती.

सरांनी मला एकच गोष्ट सुचवली. ते म्हणाले, "लीळाचरित्राची पहिली प्रत गेली असं परंपरा सांगते. मग लोकांनी काय केलं? तुम्ही त्याच विषयावर लिहिताय ना?"

महानुभाव परंपरेनुसार चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, ज्याला पंथात 'खालशाची धाड' म्हणतात, त्या वेळी मूळ पोथी हरवली. ज्यांना ती पाठ होती त्यांनी नंतर ती आठवून पुन्हा सिद्ध केली. म्हणूनच आज आपल्याकडे एक पाठ नसून पाठांच्या परंपरा आहेत. ही माहिती मी दहा वेळा वर्गात सांगितली होती. ती करून पाहण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

मी एक मोठा पुठ्ठा आणला आणि त्यावर शिसपेन्सिलीने ती खोली काढली. डावी भिंत, समोरची, उजवी, जमीन. मग एकेक नोंद तिच्या जागी लिहीत गेले. आश्चर्य असे की, १६३ पैकी १३८ नोंदींच्या जागा मला आठवल्या, आणि जागा आठवली की शेजारची नोंद आठवे, तिच्यावरून तिसरी. एखादे नाव आठवत नसे, परंतु तेथे काहीतरी होते आणि ते आकाराने लहान होते, हे आठवे. दोन दिवसांनी नाव येई. पुठ्ठ्यावरची जागा धरून मी नोंद पुन्हा लिहू लागे. दिवाळीपर्यंत ९१ नोंदी नव्याने लिहून झाल्या.

ज्या २५ आठवल्या नाहीत, त्यांचीही एक गोष्ट आहे. त्या प्रोग्राममध्ये एक सोय अशी होती की, एकाच प्रकारच्या फायलींचे ढीग तो आपले आपणच करून देई. कंटाळा आला असता मी एकदा ती वापरली होती आणि उरलेल्या नोंदींचे ढीग यंत्राकडून करून घेतले होते. नेमक्या त्याच नोंदी माझ्या स्मरणातून साफ गेल्या. माझ्या हाताने ठेवलेले राहिले. यंत्राने लावलेले गेले.

नंतर वाचनात आले की, संशोधकांनाही याच्याशी जुळणारे काही आढळले आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने १९९८ साली 'डेटा माउंटन' नावाची मांडणी करून पाहिली होती. पडद्यावर एक उतार दाखवायचा आणि त्यावर शंभर संकेतपानांची लहान चित्रे प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे ठेवायची. नेहमीच्या याद्यांपेक्षा अशा मांडणीतून लोकांना हवे ते पान लवकर सापडले. परंतु पुढे २००२ साली न्यूझीलंडमधील अँडी कॉकबर्न आणि ब्रूस मॅकेन्झी यांनी सपाट मांडणी आणि खोली असलेली मांडणी यांची तुलना केली, तेव्हा तिसऱ्या मितीने मदत होण्याऐवजी लोकांची गती मंदावलेली दिसली. दोन्ही एकत्र वाचले की माझ्या अनुभवाचा अर्थ लागतो. माझे स्मरण टिकले ते भिंतींमुळे, सावल्यांमुळे, वस्तू आपटण्याच्या गमतीमुळे नव्हे. प्रत्येक वस्तू मी स्वतः उचलून, विचार करून, कोणाच्या तरी शेजारी ठेवली होती, म्हणून ते टिकले. शेवटी पुठ्ठ्यावर काढलेल्या सपाट चित्रानेही तेच काम केले.

येथे हा लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. गमावलेले परत मिळाले, स्थानाने स्मरण तारले, असा सुखान्त झाला असता. प्रबंधातही मी तसेच लिहिले होते.

२०१२ साली, प्रबंध सादर करण्याच्या थोडे आधी, सरांच्या कपाटात एक जुना लिफाफा सापडला. २००९ साली एका चर्चासत्रापूर्वी मी त्यांना टपालाने १७ नोंदी छापून पाठवल्या होत्या, आणि आम्ही दोघेही ते विसरलो होतो. मी आनंदाने त्या नव्याने लिहिलेल्या नोंदींशी ताडून पाहू लागले. स्थाने अचूक होती. दिशा, अंतरे, ओट्यांचे वर्णन, जवळजवळ सारे बरोबर. माणसे मात्र बदलली होती.

एका नोंदीचे उदाहरण देते. गोदावरीकाठच्या एका गावी एका ओट्याविषयी मला काही माहिती मिळाली होती: पूर्वी तो ओटा थोडा अलीकडे होता आणि पुराने ढासळल्यावर मागे सरकवून बांधला. नव्या नोंदीत मी लिहिले होते की, ही माहिती तेथल्या वृद्ध महंतांनी दिली. वाक्यही मोठे भारदस्त झाले होते. जुन्या, छापील नोंदीत असे होते की, दुपारची वेळ असल्याने महंत झोपले होते. मागच्या बाजूला भांडी घासत बसलेल्या एका बाईंनी ही माहिती दिली, आणि राखेने माखलेला हात लांब करून जुनी जागा दाखवली. त्या म्हणाल्या होत्या की त्यांच्या सासूने त्यांना ती दाखवली होती.

मी ती बाई विसरले होते. केवळ विसरले असते तरी एक वेळ चालले असते. पण तिच्या जागी मी महंतांना बसवले होते, आणि ते मला खरेच आठवत होते! त्यांचा आवाजसुद्धा मला आठवत होता. १७ पैकी चार नोंदींत असेच झाले होते. प्रत्येक वेळी सांगणारा माणूस वयाने, मानाने किंवा शिक्षणाने एक पायरी वर चढला होता. खाली कोणीच उतरले नव्हते.

मला सरांच्या पडद्यावरची ती विजेरी आठवली. हवी ती फाईल सापडत नाही; सर्वांत जवळची ही आहे. यंत्राने निदान तसे स्पष्ट सांगितले होते आणि माझी संमती मागितली होती. माझ्या स्मरणाने मला विचारलेसुद्धा नाही. जागा पक्की होती, म्हणून तेथे जे उभे होते तेही मी पक्के धरून चालले.

या चार नोंदींनी माझे शेवटचे प्रकरण मोडले. स्थान हे स्मरणाचा आधार आहे, हे माझे विधान खोटे ठरले नाही. पण ते अपुरे ठरले. स्थान जागा सांभाळते, जागेवरचा साक्षीदार सांभाळत नाही. उलट जागेच्या अचूकपणामुळे बाकीच्या मजकुराविषयी आपला विश्वास उगाच वाढतो. महानुभावांना याची जाणीव होती असे मला आता वाटते. त्यांच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाविषयी निरनिराळ्या स्मरणकर्त्यांचे भिन्न पाठ 'वासना' म्हणून शेजारी शेजारी नोंदवलेले आढळतात. अमक्याला असे आठवते, तमक्याला तसे. आरंभी मला हे संपादकीय अडचणीचे वाटत असे. कोणता पाठ खरा ते ठरवून बाकीचे तळटीपेत टाकावेत, अशी आपली विद्यापीठीय सवय. आता मात्र त्यांत मला मोठा प्रामाणिकपणा दिसतो. आठवण देणाऱ्याचे नाव आठवणीला बांधून ठेवणे, हे स्थान सांगण्याइतकेच महत्त्वाचे त्यांनी मानले.

प्रबंधाला सहा महिने उशीर झाला. ९१ नोंदींपैकी ज्यांचा ताळा घेता आला नाही, त्या सगळ्यांपुढे मी 'स्मरणाने पुन्हा लिहिलेली' असे नोंदवले. एका परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारले की, इतक्या ठिकाणी हा शेरा कशासाठी, यामुळे प्रबंधाचे वजन कमी होत नाही का? मी त्यांना भांडी घासणाऱ्या बाईंची हकिकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्या गावी मी नंतर पुन्हा गेले. त्या बाई तेथे नव्हत्या. मुलीकडे राहायला गेल्याचे कळले. त्यांचे नाव मी पहिल्या खेपेसही विचारले नव्हते, आणि छापील नोंदीतही ते नाही.

आज माझ्या संगणकाचा पडदा मोकळा असतो. अंगणाचे छायाचित्र पुन्हा दिसते. नोंदींची नावे मी देवनागरीत, आत काय आहे ते सांगणारी, अशी ठेवते. प्रत्येक नावात जागा आणि सांगणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख असतो. मूळ फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असतात. शॉर्टकट दोन-चारच आहेत, आणि त्यांच्या कोपऱ्यातला तो वाकडा बाण मला आता लांबूनही दिसतो. तो पुठ्ठा मात्र मी टाकला नाही. कपाटामागे उभा करून ठेवला आहे. समोरच्या भिंतीवर, पैठणच्या थोडे खाली, एका चौकटीत मी नंतर पेनाने लिहिले आहे: 'महंत नव्हेत. बाई. नाव विचारायचे राहिले.'